सांगलीत राहून इंग्रजी साहित्य शिकताना: पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

इंग्रजी विषय घेतला म्हणजे वर्षभरात फाडफाड इंग्रजी बोलता येईल, असं समजून बी.ए.ला आलेली बरीच मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हिरमुसतात. वर्गात संभाषण शिकवत नाहीत, चारशे वर्षांपूर्वीचं नाटक उघडून बसवतात. त्यात 'दाउ', 'दी', 'हॅथ' असले शब्द. शेजारच्या बाकावरची मुलगी इंग्रजी माध्यमाची, तिचे उच्चार ऐकून आपली वाचाच बसते. आणि गावाकडं पारावर कुणीतरी विचारतंच, "इंग्रजी घेतलंस न्हवं? मग बोल की दोन वाक्यं."

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीनं सांगलीला ये-जा करत इंग्रजीत बी.ए. केलं, पुढं कोल्हापूरला एम.ए. केलं आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जे मला तीन वर्षं ठेचा खाऊन कळलं, ते पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

आधी विषय कोणता ते नीट समजून घ्या

इंग्रजी बोलणं हे कौशल्य आहे, इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय आहे. दोन्हींचा संबंध आहे, पण पहिलं हवं म्हणून दुसऱ्याला प्रवेश घेऊ नका. साहित्य शिकणं म्हणजे कविता, नाटक, कादंबरी बारकाईनं वाचणं, तिच्यात भाषा कशी काम करते ते पाहणं, ती कोणत्या काळात आणि का लिहिली गेली ते समजून घेणं आणि त्यावर स्वतःचं म्हणणं पुराव्यानिशी मांडणं. गोष्ट ऐकायला, वाचायला मनापासून आवडत असेल, कीर्तनातल्या एखाद्या ओवीचा अर्थ बुवा उलगडतात तेव्हा कान टवकारत असतील, तर हा विषय तुमचा आहे. इंग्रजी कच्चं असेल तर ते तीन वर्षांत पक्कं होतं, पण वाचायचाच कंटाळा असेल तर कठीण आहे.

प्रवेश घेताना

सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ १९६२ सालचं, पण सांगलीत इंग्रजीचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. विश्रामबागचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचं. ऑक्सफर्डहून शिकून आलेले वि. कृ. गोकाक तिथं प्राचार्य होते. त्यांना पुढं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड साहित्यासाठी. हे नाव लक्षात ठेवा, पुढं त्याच मुद्द्यावर येणार आहे.

कॉलेज निवडताना इमारत आणि कॅन्टीन पाहू नका, तीन गोष्टी विचारा. इंग्रजी हा मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का? विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती? आणि ग्रंथालयातून पुस्तक घरी न्यायला मिळतं का, की फक्त तिथं बसून वाचायचं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

२०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे. त्यामुळे दादा-ताईंनी सांगितलेला 'एफ.वाय., एस.वाय., टी.वाय.'चा हिशेब तसाच लागू होत नाही. आता सगळं श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर चालतं. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक झाले की पदवी, चौथं वर्ष पूर्ण करून १६० ते १७६ झाले की ऑनर्स. काही अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. हे श्रेयांक जमा राहावेत म्हणून डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक, काढावा लागतो. तो काढताना आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे आधी तपासा. वडलांचं नाव एकीकडं आहे आणि दुसरीकडं नाही, एवढ्यावरून हेलपाटे घालणारी मुलं मी दरवर्षी पाहते.

मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यायचा असतो. माझा सल्ला विचाराल तर मराठी किंवा इतिहास घ्या. सोपा म्हणून भलताच विषय घेतलात तर दोन वेगवेगळे अभ्यास डोक्यावर बसतात. मराठी आणि इतिहास मात्र इंग्रजीच्या अभ्यासाला रोज हात देतात.

पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रम छापून घ्या

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम असतो. कोणत्या पेपरला कोणती पुस्तकं आहेत, कोणत्या घटकाला किती गुण आहेत, शेवटी संदर्भग्रंथ कोणते दिलेत, हे सगळं त्यात असतं. तो छापून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. शिक्षक पुढचं काय घेणार हे ज्याला आधी माहीत असतं, तो वर्गात निम्मं काम करूनच बसलेला असतो.

मग पुस्तकं. दुकानात गेलात की आधी गाईड पुढं येईल. ते घेऊ नका असं मी म्हणत नाही. परीक्षेच्या आधी एकदा उजळणीला ते चालतं. पण मूळ पुस्तकाच्या आधी गाईड घेतलंत तर मूळ पुस्तक तुम्ही कधीच वाचणार नाही. मी हे स्वतः केलंय. पहिल्या वर्षी आम्हाला एक सर तयार टिपणं उतरवून द्यायचे, आम्ही मान खाली घालून लिहायचो. पूर्ण सत्रात मी नाटकाचं एकही पान उघडलं नाही. पहिल्या चाचणीत २० पैकी ६ गुण पडले आणि कुठं चुकलं तेही कळलं नाही, कारण टिपणं तर तोंडपाठ होती. चुकलं ते एवढंच, की प्रश्न नाटकावर होता आणि मी टिपणं ओळखत होते.

मूळ पुस्तक महाग पडत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं, त्यामुळे शेक्सपिअर, ऑस्टिन, डिकन्स, हार्डी हे सगळे 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर फुकट आणि कायदेशीर मिळतात. 'लिब्रिव्हॉक्स'वर त्यांतली पुष्कळ पुस्तकं वाचून दाखवलेली ऐकायला मिळतात. एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर ऐकता ऐकता मोबाइलवर पान पुढं सरकवत न्या. उच्चारांची भीती जायला यासारखा उपाय नाही. नाटकाची मात्र टिपांसह छापलेली एक आवृत्ती विकत घ्याच, नाहीतर जुन्या शब्दांपाशी अडाल. ज्या पुस्तकात पेन्सिलीनं समासात लिहिता येतं, ते पुस्तक आपलं होतं.

वाचायचं कसं, एका ओळीवरून

आता मूळ मुद्द्याकडं येते. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातली एक ओळ घेऊ. पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश. ऑथेल्लो व्हेनिसचा सेनापती. बायको, म्हणजे डेस्डेमोना, बदफैली आहे असं त्याच्या हाताखालच्या इयागोनं त्याच्या मनात भरवलंय. डेस्डेमोना झोपलेली आहे. तिला मारायच्या तयारीनं ऑथेल्लो हातात दिवा घेऊन खोलीत येतो आणि म्हणतो:

'पुट आउट द लाइट, अँड देन पुट आउट द लाइट.'

यात शब्दकोश उघडावा असा एक तरी शब्द आहे का? पाचवीतल्या मुलाला कळतील असे शब्द आहेत. म्हणूनच ही ओळ घेतली. इंग्रजी साहित्य अवघड शब्दांमुळे अवघड असतं, हा समज पहिल्यांदा इथं मोडायचा.

पहिली पायरी: ओळ मोठ्यानं वाचा. तीनदा. मनातल्या मनात नको.

दुसरी पायरी: प्रश्न विचारा. तेच चार शब्द दोनदा का आलेत? दिवा एकदाच विझवायचा असतो. म्हणजे दुसरा दिवा पहिला नव्हे. हातातला दिवा आधी विझवायचा आणि मग डेस्डेमोनाच्या प्राणाचा. पुढच्या ओळींत तो स्वतःच ते उलगडतो: हातातला दिवा विझवला आणि नंतर पस्तावलो तर तो पुन्हा लावता येईल. तिचा विझवला तर पुन्हा पेटवणारी आग कुठून आणू?

तिसरी पायरी: हेच मराठीत म्हणून पाहा. इथंच मला पहिल्यांदा या विषयाचं वेड लागलं. आमच्या घरी 'दिवा विझव' म्हटलं की आजी रागवायची. "विझव म्हणू नये पोरी, मालव म्हणावं." तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा विझत नसतो, तो शांत होतो. आणि हाच शब्द आपण माणूस गेल्यावर वापरतो: 'त्यांची प्राणज्योत मालवली.' दिवा आणि प्राण यांना एकच क्रियापद लावणारी भाषा आपल्या तोंडात आधीपासून आहे. 'दिवा मालव, आणि मग दिवा मालव.' ज्या मराठी मुलीला आजीनं हा शब्द शिकवला, तिला ही ओळ लंडनमध्ये वाढलेल्या मुलीइतकीच जवळची आहे. आपलं मराठी माध्यम इथं आड येत नाही, उपयोगी पडतं. हे मला समजायला दुसरं वर्ष उजाडलं.

चौथी पायरी: आता ठेका मोजा. टेबलावर बोटानं ताल धरा. पुट, आउट, द, लाइट, अँड, देन, पुट, आउट, द, लाइट. दहा उच्चारखंड. जोर कुठं पडतो? आउट, लाइट, देन, आउट, लाइट. दर दुसऱ्यावर, एकूण पाच ठिकाणी. याला आयॅम्बिक पेंटॅमीटर म्हणतात. शाळेत आपण वृत्त ओळखायला लघु-गुरू मांडून गण पाडत होतो. इंग्रजीत लघु-गुरूऐवजी आघात मोजायचा, एवढाच फरक. आणि ओळीच्या मधोमध जोर कोणत्या शब्दावर आला? 'देन'वर. 'मग'वर. त्या एका 'मग'मध्ये तो थांबलेला आहे. अजून खून झालेला नाही, अजून परत फिरता येईल. रंगमंचावर चांगला नट त्या शब्दापाशी श्वास घेतो.

एवढं सगळं एका ओळीत आहे. गाईडमध्ये यावर काय असतं? 'या ओळीत प्रकाशाचं प्रतीक वापरलं आहे.' वाक्य खोटं नाही, पण ते पाठ करणाऱ्याला काहीच दिसलेलं नसतं.

आठवड्यातून एक अशी ओळ किंवा चार ओळींचा तुकडा घ्या आणि वहीचं एक पान भरा. आधी मराठीत लिहिलं तरी चालेल. विचार मराठीत स्वच्छ झाला की इंग्रजीत आणायला दुप्पट वेळ लागत नाही. उलट अर्धवट कळलेला विचार थेट इंग्रजीत लिहायला गेलं की गाईडचीच वाक्यं हाताखाली येतात.

हरिपूरला एक चक्कर मारा

सांगलीच्या मुलामुलींना हे नाटक वाचायचं आणखी एक कारण आहे. कृष्णा-वारणेचा संगम जिथं होतो, त्या हरिपूरला गोविंद बल्लाळ देवल जन्मले, १८५५ साली. हळदीची पेवं आणि संगमेश्वराचं देऊळ पाहायला तुम्ही गेलाच असाल. याच देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' नाटक लिहिलं. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा. त्यांचं 'संशयकल्लोळ'ही मुळात मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या नाटकावरून, मधल्या एका इंग्रजी रूपांतराच्या वाटेनं आलेलं आहे.

साताऱ्याच्या बाजूची मुलं म्हणतील, आमचं काय? कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर घ्या. त्यांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' या नावानं, १८८३ साली.

तेव्हा करायचं असं. ग्रंथालयात 'झुंझारराव' शोधा. नसेल तर मराठी विभागातल्या सरांना विचारा. मग शेवटचा प्रवेश दोन्ही पुस्तकांत शेजारी ठेवून वाचा. देवलांनी काय ठेवलं, काय गाळलं, दिव्याचं काय केलं, व्हेनिसचा सेनापती मराठी सरदार झाल्यावर त्याचं परकेपण कुठं गेलं? मूळ नाटकात ऑथेल्लो काळ्या वर्णाचा मूर आहे, त्यामुळे तो त्या शहरात कायम बाहेरचाच. हा धागा मराठीत आणताना काय होतं, एवढ्या एका प्रश्नावर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प उभा राहतो. इंटरनेटवरून उचललेल्या प्रकल्पांच्या ढिगात परीक्षकाला असं काही दिसलं तर तो खुर्चीत सरसावून बसतो.

काळाची दोरी

साहित्याचा इतिहास हा पेपर मुलांना सगळ्यात रटाळ वाटतो, कारण सनावळ्या अधांतरी लटकतात. चॉसर कधी, मिल्टन कधी, काही केल्या लक्षात राहत नाही. माझ्या खोलीतल्या भिंतीवर मी एक लांब दोरी बांधली होती. दोरीच्या वर इंग्रजीतलं, खाली आपलं, अशा चिठ्ठ्या लावत गेले.

ज्ञानेश्वरी १२९० ची. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' त्यानंतर शंभरएक वर्षांनी आल्या. म्हणजे ज्ञानदेवांनी मराठीत गीता सांगितली तेव्हा इंग्रजीतला हा मोठा कवी जन्मलाही नव्हता. शेक्सपिअर १५६४ ते १६१६. एकनाथांनी समाधी घेतली १५९९ ला, आणि 'हॅम्लेट' लिहिलं गेलं त्याच सुमारास. मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ चं, त्याच्या आदल्या वर्षी महाराज आग्र्याहून सुटले आणि लंडन शहर आगीत जळालं. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८, ज्या वर्षी पेशवाई संपली. आणि माझी सगळ्यात आवडती चिठ्ठी १८४३ ची: नोव्हेंबरमध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं आणि पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये डिकन्सचं 'ख्रिसमस कॅरल' छापून आलं.

एकदा ही दोरी बांधली की सनावळी विसरायची म्हटलं तरी विसरत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट कळते. एलियटची 'वेस्ट लँड' ही दीर्घ कविता १९२२ ची. ती वर्गात डोक्यावरून जाईल, सगळ्यांच्याच जाते. तेव्हा मर्ढेकर वाचा. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं मर्ढे, पुस्तक 'काही कविता', साल १९४७. तुटक प्रतिमा, यंत्रयुगातला एकटा माणूस, जुन्या संतवाणीचे मधेच येणारे सूर, हे आपल्या भाषेत एकदा अंगवळणी पडलं की एलियट परका राहत नाही.

इंग्रजी साहित्य म्हणजे फक्त इंग्लंडचं, असंही मानू नका. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ ची. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' इंग्रजीत लिहिली. खंडोबाला जाऊन आलेल्या मुलाला ती कविता कुठल्याही टिपांशिवाय कळते.

शब्दकोश

पहिल्या वाचनात उघडू नका. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारा आणि पुढं चला. प्रकरण संपल्यावर ज्या शब्दावाचून खरंच अडलं, तेवढेच पाहा. शिकणाऱ्यांसाठीचा एक इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ हवा, इंग्रजी-मराठी दुसरा. शब्दांचे अर्थ काळाबरोबर आणि बोलणाऱ्याबरोबर बदलतात, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. 'ऑथेल्लो'त 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' हे शब्द ५० हून अधिक वेळा येतात, आणि त्यातले बरेच इयागोला उद्देशून. वाचताना प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं गोल करा. शेवटी गोल मोजलेत की उत्तर लिहायला वेगळा मुद्दा शोधावा लागणार नाही.

उत्तर लिहिताना

'ऑथेल्लो ही मत्सराची शोकांतिका आहे' हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाच्या पेपरात असतं. ते वाचून परीक्षकाला तुमच्याविषयी काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ऑथेल्लो ज्याला सगळ्यांत प्रामाणिक म्हणतो तोच त्याला फसवतो, आणि जी खरोखर प्रामाणिक आहे तिच्यावर तो विश्वास ठेवत नाही. म्हणजे नाटकाचा पेच मत्सराइतकाच माणूस ओळखण्याचाही आहे. मग दोन-तीन ठिकाणांहून छोटे दाखले द्या. दाखला चार-पाच शब्दांचा पुरे, पण तो दिल्यावर त्या शब्दांत काय दिसतं ते सांगा. दाखला देऊन पुढं निघून जाणं ही माझ्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी सवय आहे. ताट वाढून जेवायला न सांगता निघून जावं, तसं होतं ते.

वाक्यं लहान ठेवा. कर्ता, क्रियापद, कर्म, पूर्णविराम. मोठ्या शब्दांनी गुण वाढत नाहीत, काळाच्या आणि वचनाच्या चुकांनी मात्र कमी होतात. कथानक सांगण्यात पान घालवू नका. परीक्षकानं नाटक वाचलेलं असतं.

पुस्तकं कुठून आणायची

कॉलेजच्या ग्रंथपालांशी ओळख करून घ्या, पहिल्याच महिन्यात. त्यांना 'एन-लिस्ट'चं खातं मागा. ज्या महाविद्यालयांनी ही सोय घेतली आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना हजारो ई-पुस्तकं आणि संशोधनपत्रिका घरबसल्या वाचता येतात, आणि तरी कितीतरी मुलांना ती आहे हेच ठाऊक नसतं. 'ई-पीजी पाठशाला'वर एम.ए. इंग्रजीचे पाठ फुकट आहेत. तिसऱ्या वर्षाला ते निवडून वाचायला हरकत नाही. कोल्हापूरला विद्यापीठात काही कामानं गेलात तर बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात दोन तास काढून या. नुसत्या कपाटांमधून फिरलं तरी एकेका लेखकावर केवढं लिहिलं गेलंय याचा अंदाज येतो.

मोबाइलवर कुठल्याही पुस्तकाचा सारांश क्षणात मिळतो, हे मला माहीत आहे. कादंबरी वाचून झाल्यावर तो पाहा. आधी पाहिलात तर पुढं काय होणार याची ओढच मरते, आणि त्या ओढीवाचून चारशे पानं कुणाच्यानं होत नाहीत. रोज २० पानं धरलीत तर चारशे पानांची कादंबरी २० दिवसांत संपते. माझी हार्डीची 'टेस' अशीच संपली, तासगाव-सांगली एसटीत, बरीचशी उभ्यानं.

तिघांची टोळी

एकट्यानं नाटक वाचू नका. तिघं-चौघं जमा, पात्रं वाटून घ्या आणि मोठ्यानं वाचा. आम्ही कॉलेज सुटल्यावर आमराईत बसायचो, भडंगाचा पुडा मधे ठेवून. माझी मैत्रीण इयागो व्हायची आणि तिचा तो गोड आवाज ऐकून मला खरंच भीती वाटायची. उच्चार चुकायचे, कुणी हसायचं नाही. बोलायचं धाडस मला तिथं आलं. ज्यासाठी लोक पैसे भरून क्लास लावतात ते आम्हाला पात्राच्या तोंडून बोलता बोलता आलं, कारण चूक माझी नसायची, एमिलियाची, म्हणजे मी वाचायचे त्या इयागोच्या बायकोची असायची.

आणि नाटकं पाहा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. दरवर्षी ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात रंगभूमी दिन होतो, विष्णुदास भावे पदक दिलं जातं. पहिल्या वर्षाला असाल तर त्या दिवशी तिथं जाच. मराठी नाटक पाहिलेल्या डोळ्यांना शेक्सपिअरच्या पानावरची कंसातली एक साधी सूचना, 'दिवा घेऊन प्रवेश', कधीच साधी वाटत नाही.

पुढं काय, हा घरचा प्रश्न

घरी हा प्रश्न विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. शाळेत शिकवायचं असेल तर बी.ए.नंतर दोन वर्षांचं बी.एड. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के, आणि त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षं जातात, हे घरच्यांपासून लपवू नका. स्पर्धा परीक्षा, प्रकाशन, वृत्तपत्रं, उपशीर्षकं, भाषांतर, अशा दुसऱ्या वाटाही डोळ्यासमोर ठेवा.

त्यातली भाषांतराची वाट मला स्वतःला फार मोलाची वाटते. वर गोकाकांचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांनीही इंग्रजी शिकवलं, आणि दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं ते मराठीसाठी. विंदांनी 'राजा लिअर'ही मराठीत आणला. दोन्ही भाषा तितक्याच घट्ट असलेली माणसं नेहमी हवीच असतात, आणि तीन वर्षं इंग्रजीच्या नादात मराठी सोडून दिलेल्या मुलाला हे काम करता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून महिन्याला एक पान भाषांतर करा. कविता नको, आधी साधं गद्य घ्या. एखाद्या कादंबरीचा पहिला परिच्छेद घ्या, तारीख घालून वहीत लिहा, सहा महिन्यांनी तोच परिच्छेद जुनं न पाहता पुन्हा करा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून सरांना किंवा मॅडमना दाखवा.